सिलिकॉन वाळायच्या आधी

नवरा हा शब्द मी पन्नाशी ओलांडल्यावर वापरायला लागले, त्यामुळे जरा जास्तच वापरते. भाजीवालीला सांगते, नवऱ्याला कारली चालत नाहीत. रिक्षावाल्याला सांगते, नवरा वाट पाहत असेल. दोघांनाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मी आणि माझा नवरा अमरावतीत, म्हणजे माझ्या माहेरी, एका बांगड्यांच्या दुकानात गेलो होतो. मला हिरव्या बांगड्या घ्यायच्या होत्या. दुकानदार चाचांनी लाखेच्या बांगड्या एका मोठ्या काचेच्या टाकीत मांडून ठेवल्या होत्या. नीट पाहिलं तर ती माशांची टाकी. कधीकाळी तिच्यात मासे होते, ते गेले, मग बांगड्या आल्या. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. बांगड्या राहिल्या बाजूला. "बाजी, चुडी लेने आए और शोकेसच मांग रहे आप," चाचा म्हणाले, आणि हसत हसत त्यांनी मागच्या खोलीतून तिचा लोखंडी स्टँडही ओढून काढला. तो इतका गंजला होता की उचलला तिथंच त्याचा थोडा भाग जमिनीवर राहिला.

टेम्पोत टाकी मधे, गोधडीत गुंडाळलेली, आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. बडनेऱ्याच्या पुढे वारा असा लागला की माझा अंबाडा सुटला. या वयात टेम्पोच्या मागं बसून, सुटलेल्या केसांनी सासरी जायचं माझ्या नशिबी होतं, आणि मला त्याचं इतकं हसू येत होतं की अकोला येईपर्यंत पोट दुखायला लागलं.

टाकीचं एवढं काय, ते सांगते. अकोल्यातलं घर नवऱ्याचं, त्याच्या गेलेल्या बायकोचं आणि त्यांच्या मुलीचं. मी बँकेत बदली मागून घेतली आणि त्या घरात आले. मुलगी नागपूरला नोकरी करते. आमच्या लग्नाला आली, फोटोत हसली, मला नमस्कार केला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्यानंतर घरी राहायला म्हणून आलीच नाही. सावत्र आईला पाण्यात पाहायची आपल्याकडे रीत आहे, हिनं तेवढीही तसदी घेतली नाही. फोनवर माझ्याशी "हो", "चालेल", "धन्यवाद" एवढंच. भांडली असती तर मीही भांडले असते, मी काही गरीब गाय नाही. पण धन्यवादाशी कसं भांडायचं?

आता ती मैत्रिणीच्या लग्नासाठी अकोल्याला येणार होती. बापाला म्हणाली, "मी मैत्रिणीकडेच उतरते. रविवारी चहाला येऊन जाते." नवऱ्यानं फोन ठेवला. मग म्हणाला, "लहानपनी तिले मासे पायजे होते. आमीच नाई म्हटलं. इथं मानसाले पानी नाई, माशाले कुठून देऊ?" त्याचं गणित असं होतं की घरात मासे असले तर ती पाहत बसेल, पाहत बसली तर उशीर होईल, आणि उशीर झाला तर राहील. बँकेत मी याहून बरी कर्जप्रकरणं नामंजूर केली आहेत. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मंजूर करून टाकलं. पोरीनं एक रात्र घरी राहावं, एवढंच त्याला हवं होतं. मलाही तेच हवं होतं, कारण तोवर मला त्या घरात आपण कुणाची तरी जागा अडवून बसलोय असं वाटायचं.

झालं, लागलो कामाला. अंगणात जुने पेपर पसरून स्टँड घासायला घेतला. गंज निघता निघेना. भिंतीपलीकडच्या काकू डोकावून म्हणाल्या, "काय व माय, नवी नवरी मेंदीच्या जागी गंज लावून राहिली हाताले."

"जास्त दिवस टिकतो काकू," मी म्हटलं.

स्टँडला कोणता रंग द्यायचा यावरून आमचं पहिलं खरं भांडण झालं. त्याला काळा हवा होता, मला मोरपंखी. मी दिवसभर अबोला धरला आणि संध्याकाळी तो मोरपंखी डबा घेऊन आला. अबोल्यात इतकी ताकद असते हे मला एवढ्या उशिरा कळलं याचं फार वाईट वाटलं.

टाकीच्या काचेवरचे पांढरे डाग लिंबानं घासून काढले. सांध्यांतलं, काचा चिकटवणारं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, तर त्यातून बांगड्यांची चमकी निघायला लागली. ती नवऱ्याच्या मिशीत गेली, माझ्या भांगात गेली, कणकेतही गेली. बँकेत साहेबांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "मासे." त्यांनी पुढं विचारलं नाही.

मग नवं सिलिकॉन. त्याचा वास व्हिनेगरसारखा, सगळ्या घरात भरला. काकूंनी विचारलं की कशाचं लोणचं घालून राहिले. नवरा जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कोपऱ्यातून बोट फिरवत होता आणि मी हसू दाबत बॅटरी धरून उभी होते. विकणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं की आठवडाभर पाण्याचा थेंब लागू देऊ नका. आम्ही शहाण्यासारख्या माना हलवल्या होत्या. रविवारी पोरीला नुसती टाकी दाखवायची आणि "पुढच्या वेळी मासे" असं म्हणायचं ठरलं.

पण रविवारी सकाळी नळ आला.

अमरावतीच्या लोकांना यातलं काही कळायचं नाही, मलाही कळत नव्हतं. आमच्याकडे बोअर आहे, पण खारी. तिच्यात डाळ शिजत नाही. सगळी भिस्त नळावर, आणि नळ येतो चार-पाच दिवसांनी, त्याच्या मर्जीनं. नळ चालू आहे आणि घरात एखादं भांडं रिकामं आहे, हे अकोल्याच्या माणसाला बघवत नाही, त्याच्या जिवाला लागतं. नवऱ्यानं अंगणातलं टाकं भरलं, ड्रम भरले, हंडे, बादल्या, पातेली भरली. नळ अजून चालूच. तो हातात पाइप घेऊन बैठकीच्या दारात आला आणि टाकीकडे पाहत उभा राहिला.

"आठवडा सांगितलाय," मी म्हटलं. सिलिकॉन लावून दोन दिवसही धड झाले नव्हते.

"नळ चालू हाये ना व," तो कळवळून म्हणाला.

आणि काय सांगू, मलाही ते कारण पटलं. मीच पाइपाचं टोक टाकीत धरलं. टाकी काठोकाठ भरली. एक थेंब गळला नाही. मोरपंखी स्टँडवर ते पाणी असं चमकत होतं की नवऱ्यानं माझा हात धरून मला गरकन दोनदा फिरवलं. खिडकीतून काकूंनी पाहिलं, पाहू देत. संध्याकाळीच मासे आणायचे, असंही ठरून गेलं.

दुपारी मुलगी आली. संध्याकाळी मैत्रिणीची हळद, म्हणून पिवळाधमक ड्रेस घालून आली होती. खुर्चीच्या टोकावर बसली. चहा घेतला. "छान केलंय," म्हणाली. "रंग छान आहे. धन्यवाद." नवरा तिच्याकडे आशेनं पाहत होता आणि ती घड्याळाकडे. पर्स खांद्याला लावून ती उठली, तेवढ्यात टप टप आवाज आला.

मी वळून पाहीपर्यंत टपटपीची धार झाली होती. खालच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटून लोंबत होतं. नवरा जागच्या जागी थिजला. मी धावले स्वयंपाकघरात बादली आणायला, तर बादल्या भरलेल्या. हंडे भरलेले, पातेली भरलेली. नळाचं पाणी मोरीत ओतायचं धाडस त्या घरात कुणाला होणार? मी भिंतीवरून काकूंना हाक मारली, रिकामं काहीतरी द्या. त्या म्हणाल्या, "अव, नळ आमच्याकडंबी आला ना." सगळ्या गल्लीत एक भांडं रिकामं नव्हतं. मी कुकर आणला, मिक्सरचं भांडं आणलं, नवऱ्यानं स्वतःचं हेल्मेट आणलं.

परत आले तर मुलगी फरशीवर गुडघे टेकून बसली होती. सुटलेला सांधा तिनं तळव्यानं दाबून धरला होता आणि पाणी तिच्या कोपरावरून पिवळ्या बाहीत चाललं होतं.

"बाबा, हेल्मेट काय करून राहिले तुमी?" ती ओरडली. "कूलर आना. मागच्या खोलीत, पलंगाच्या मागं. त्याची टाकी रिकामी असन."

कूलर कुठं ठेवतात हे मला माहीतच नव्हतं. उन्हाळा मी त्या घरात अजून काढला नव्हता. आम्ही दोघांनी तो ओढत आणला, तिनं एका हातानं सांधा धरून दुसऱ्या हातानं पाइप मागितला, त्याचं एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं तोंडानं ओढून पाणी चालू केलं आणि ते कूलरमध्ये सोडलं. सगळं पाणी काही मावलं नाही. उरलेलं फरशीवर होतं, आमच्या अंगावर होतं, तिच्या पर्समध्येही गेलं होतं.

मग तिनं आधी बापाला धुतलं. आणि मग माझ्याकडे वळली. "हे तर असेच आहेत जनमाचे. तुमाले तरी समजाले पायजे होतं ना? वाळू द्याव लागते ते. एवढी बँक सांभाळता न घरात हे भैताडपन?"

मी ओठ दाबून पाण्यातला कुकर उचलला. तोंड उघडलं असतं तर हसूच निघालं असतं, आणि तेव्हा हसणं बरं दिसलं नसतं. एवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ओला हात ओढणीला पुसून तो कानाला लावला.

"हाव, हळदीले येईन," ती मैत्रिणीला सांगत होती. "पन झोपाले नाई येत. माही बॅग तिथंच राहू दे, उद्या नेईन. अव, इथं घरात तळं झालं ना. आन् हे दोघं सारखेच येडे, एकाले एक सापडले. यांच्या भरवशावर घर टाकून कशी येऊ मी?"

नवरा हेल्मेट पोटाशी धरून उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पुसतही नव्हता. मी तिच्याकडेच पाहत राहिले. मला इतकं सुख झालं की पायाखालचं पाणी थंड आहे हेसुद्धा कळलं नाही.

तिनं फोन ठेवला. "काय पाहून राहिल्या?" ती मला म्हणाली. "पोतं आना, फरशी पुसाची आहे."

मी पोतं आणायला पळाले.