यांचा दुसरा आवाज

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि हिंदीत म्हणाले, "कॅन्सर है. आवाज की नली में."

माझे यजमान शांतवन यांनी मान हलवली. घोगऱ्या आवाजात विचारलं, "इलाज क्या है, डॉक्टर साहब?" मी मात्र पडद्यावरच्या त्या पांढुरक्या गाठीकडे बघत बसले. एवढीशी ती.

यांच्या आवाजाबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हे भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. तिथल्या गोंगाटात बोलून बोलून आवाज असा झाला होता, की चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत यांनी गाणं उचललं की माइक लागत नसे. आमच्या मराठी मंडळीत कोणाचं लग्न असो की मयत, प्रार्थना यांचीच. घरीही तसंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज संध्याकाळी हे प्रार्थना करायचे आणि मी 'आमेन' म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही भिलाईतल्याच जुनवानीला राहायला आलो. त्यानंतरच आवाज बसायला लागला. सर्दी असेल म्हणून काढे घेतले, सुपेल्याच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. आवाज काही सुटेना. म्हणून तुम्हाला सांगते, आवाज काही आठवडे बसलेलाच राहिला तर काढ्यांवर थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात, त्या तपासणीला लॅरिंगोस्कोपी म्हणतात. दुखत नाही, फक्त कसंतरी होतं. नंतर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात.

त्या डॉक्टरांनी रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे सगळ्या तपासण्या झाल्या. तिथल्या सर्जनबाई नागपूरच्या, त्यांनी मराठीतच समजावलं. "गाठ कूर्चेपर्यंत, म्हणजे गळ्यातल्या मऊ हाडापर्यंत गेली आहे. नुसत्या रेडिएशनवर भरवसा ठेवता येणार नाही. टोटल लॅरिंजेक्टॉमी करावी लागेल." म्हणजे आवाजाची पेटी पूर्ण काढायची. मग श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याला केलेल्या छिद्रातून. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"हा आवाज जाईल. दुसरा येऊ शकतो. पण आधी जीव."

घरी आलो तर यांच्या मोठ्या बहिणीचा, सुमनताईंचा वर्ध्याहून फोन. ताईंचा भावावर फार जीव. त्या आजार बरे करणाऱ्या कुठल्याशा प्रार्थना-सभेला घेऊन जायचं म्हणत होत्या. "शांतवन, ज्या गळ्यानं देवाचं गाणं गायलं, तो कापून घेतं काय रे? भरोसा नाई काय तुले देवावर?"

मला वाटलं, हे हो म्हणतील. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तेच हवं होतं.

हे म्हणाले, "भरोसा हाय म्हणूनच जाऊन राहिलो, ताई. त्या डॉक्टरीणबाईच्या हाताले अक्कल देवानंच देली ना? तू तिथून प्रार्थना कर, मी इथून टेबलावर जातो." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन एकटेच उभे राहिले. मी मागे गेले नाही. कधीकधी माणसाला देवाजवळ एकटं सोडावं लागतं.

ऑपरेशनच्या सकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली. स्ट्रेचर हललं. आता हे काय बोलतील म्हणून मी कानात प्राण आणून उभी. त्या आवाजातलं शेवटचं बोलणं होतं ते. हे म्हणाले, "विमल, तू सकाळपासून काई खाल्लं नाईस. जाय, पयले पोहे खा."

दार बंद झालं. कँटीनमध्ये जाऊन मी रडत रडत पोहे खाल्ले. यांनी सांगितलं होतं म्हणून खाल्ले.

नंतरचे दिवस अवघड गेले. नाकातून पोटात जाणारी नळी, तिच्यातून पातळ जेवण. गळ्याच्या छिद्रातून कफ यायचा, तो सक्शन मशीननं ओढून काढायचा. पहिल्यांदा मी सक्शनची नळी दोनदा छिद्राजवळ नेली आणि मागे घेतली. नर्स इकडचीच, छत्तीसगढी मुलगी. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "झन डर्रा, दाई." घाबरू नको, आई. दोन-तीन दिवसांत मी एकटी करायला लागले. तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका, नर्सकडून सगळं शिकून घ्या. आंघोळीच्या वेळी छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही, एरवी ते पातळ सुती कपड्यानं झाकून ठेवायचं, एवढं तर पाठच करा.

पण माझी प्रार्थना बंद पडली होती. देवावर राग होता. एवढ्या माणसांत हाच गळा कावून? संध्याकाळ झाली की मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

एके संध्याकाळी यांनी पाटी पुढे केली, बोलता येत नाही म्हणून दवाखान्यातून दिलेली. लिहिलं होतं, 'प्रार्थना.'

"तुम्हीच तर करत होते," मी म्हटलं. "मले नाई येत."

यांनी पुसून परत लिहिलं, 'तू बोल. मी मनात आमेन म्हणतो.'

वॉर्डात सगळे जागे. मी डोळे मिटले. मग मी म्हणाले, "देवबापा, मी रागावली हाय तुयावर. तरी तुयाच दारात बसून हाय. यायले सांभाळ." डोळे उघडले तर हे हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईनेही हात जोडले होते. त्या दिवसापासून घरची प्रार्थना मी करते.

जखम भरल्यावर रेडिएशन झालं. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, लाळ गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवसही यांनी चुकवला नाही.

मग व्हॉइस प्रॉस्थेसिस बसवली. श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामध्ये बसवलेली ही एक छोटी झडप असते. बोलताना गळ्याचं छिद्र बोटानं दाबायचं, म्हणजे हवा झडपेतून वर जाते आणि घशात आवाज होतो. सांगायला सोपं. हे आठवडेच्या आठवडे 'आ, आ' करत बसायचे आणि नुसती हवा निघायची. एकदा जेवताना अचानक बोट दाबून म्हणाले, "मीठ कमी हाय." पत्र्यावर पत्रा घासावा तसा आवाज. मी वरण सोडून उठले आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

सुमनताई भेटायला आल्या, म्हणाल्या, "मंडळीत उभा राहून सांग, चमत्कार झाला म्हणून." हे उभे राहिलेही. पण सांगितलं ते असं : "देवाचे आभार. सर्जनबाईचे आभार. विमलचे आभार. आवाज बसला तर लवकर दाखवा." आणि बसले. मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, यांच्या गाण्याच्या दिवसांतही नाही.

परवा सर्जनबाईंचा फोन आला. भिलाई-3 नावाच्या वस्तीतला एक देवांगन नावाचा ड्रायव्हर ऑपरेशनला नाही म्हणत होता. मुका होण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणे. आम्ही दोघं रायपूरला गेलो. हे त्याच्या खाटेजवळ बसले, गळ्याचं कापड बाजूला केलं, छिद्र दाखवलं आणि बोट दाबून म्हणाले, "देख लो. बोल रहा हूँ ना?"

तो माणूस मान वाकवून छिद्राकडे बघू लागला. मग कुजबुजल्यासारखा म्हणाला, "तुम तो रोज भगवान का गाना गाते थे, सुना. फिर उसने तुमको ठीक क्यों नहीं किया?"

यांनी बोट काढलं, श्वास भरून घेतला, परत दाबलं.

"किया ना, भाई. नहीं तो तेरे पास कौन आता?"

देवांगननं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते. मग त्यानं खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली आणि आपल्या बोलीत म्हणाला, "डॉक्टर ला बला." डॉक्टरांना बोलाव.

ती धावतच बाहेर गेली. हे तिथेच बसून राहिले, त्याच्या पाठीवर हात ठेवून.