बुधवारच्यांची पत्रं

बिरागो मॅडमना कुणी पक्षपाती म्हटलं असतं, तर कुमासीतल्या आमच्या कारखान्यातली साठही माणसं हसली असती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या शेडवर मॅडम बावीस वर्षं होत्या. काजं करायला म्हणून आलेल्या त्या पुढे सुपरवायझर झाल्या. सख्ख्या भाचीला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून फाटकातूनच परत पाठवणारी बाई. सणाला कुणी कोंबडी आणली, तर ती कोंबडीही आल्या पावली परत जायची. मी त्यांचा कारकून, क्वासी. मला त्यांचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

त्या शुक्रवारी मला अकुआ फ्रेमाला कामावरून काढल्याचं पत्र टाइप करायचं होतं. कारण, भांडखोर वागणूक. नोंदवहीत तिच्या नावावर तीन भांडणं झाली होती, आणि तीन झाली की घरी, असा आमचा नियम. चार वाजता मॅनेजर सही करणार होते. जुन्या पत्राचा मजकूर उतरवावा म्हणून मी कपाटातून फाइल काढली. भांडणापायी काढलेल्यांची सहा पत्रं निघाली. नावं वाचली, आणि मग पुन्हा एकदा वाचली. क्वाकू, अकुआ, अकुआ, क्वाकू, अकुआ. सहावा तेवढा कोफी.

आमच्याकडे जन्माच्या वारावरून नाव पडतं: बुधवारी मुलगा झाला तर क्वाकू, मुलगी झाली तर अकुआ; कोफी शुक्रवारचा. आणि बुधवारचे तापट, हे आमच्याकडे मूल रांगायला लागायच्या आतच ठरलेलं असतं. माझा धाकटा भाऊ क्वाकू. घरात काही फुटलं की आई आधी त्याच्या नावाने ओरडायची, आणि मी गुपचूप बसायचो, फोडलेलं मीच असलं तरी. ही सगळी पत्रंही मीच टाइप केली होती आणि मनात कधी शंकासुद्धा आली नव्हती. मला स्वतःचाच संताप आला. तोच घेऊन मी मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि पत्रांवरची बुधवारची नावं दाखवली.

त्यांनी पत्रं चाळली. "मग? भांडले म्हणून काढले. वार बघून काढले का मी?"

"बघून नाही, मॅडम."

त्यांनी मला चांगलंच झापलं. तुझं काम टाइप करायचं, मला शिकवायचं नाही, म्हणाल्या. पण मग उठल्या. मशीनच्या रांगांतून एक फेरी मारली, दुसरी मारली, कुठेतरी उगाचच थांबल्या. परत येऊन म्हणाल्या, "जुन्या नोंदी उतरवून काढ. नावं नकोत, नंबर घाल. कोणी काय केलं, एवढंच लिही."

मी वीस भांडणं लिहून काढली, वर्षांची सरमिसळ करून. मॅडमचं दुपारचं जेवण, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेला मासा, तसंच पडून होतं. चुकलेल्याच्या नंबरावर त्या पेन्सिलने खूण करत गेल्या, भराभर, सवयीने. नंतर मी नावं वाचून दाखवली. काढलेल्या पाच बुधवारच्यांपैकी तिघांच्या बाबतीत आज खूण दुसऱ्याच माणसावर पडली होती. पहिली शिवी त्या दुसऱ्याची, असं वहीतच लिहिलेलं होतं. अक्षर मॅडमचंच.

"म्हणजे मला दिसत होतं," त्या म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

साडेतीन झाले. पत्र कुठंय, असा मॅनेजरचा निरोप आला. मला एका जागी बसवेना. अकुआची भांडणं ताजी होती, मॅडमच्या लक्षात होती; तिथे नंबर घालून भागणार नव्हतं. शेवटच्या भांडणाच्या वेळी ओरडा ऐकून मॅडम पोचल्या, तेव्हा अकुआ उभी होती आणि शेजारची अजोवा बसलेली. तेवढ्यावर नोंद झाली होती. आता मॅडमनी प्रथमच त्या रांगेतल्या बायकांना विचारलं. अजोवा सोमवारची, आणि सोमवारचे शांत असं मानतात; अगदी गरीब गाय म्हणून नावाजलेली. तिनेच अकुआचा सरळ शिवणीचा सोपा गठ्ठा उचलला होता आणि आपला कॉलरचा किचकट गठ्ठा तिच्यापुढे सारला होता. ओरडलीही तीच होती. आधीच्या दोन वेळांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा. एवढं माहीत होतं तर बोलला का नाहीत, असं मॅडमनी विचारल्यावर एक म्हातारी म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे.

अकुआला बोलावलं. ती आली ती कात्री आणि टेप फडक्यात बांधूनच. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आधीच्या दोन कारखान्यांत असंच बोलावलं होतं म्हणे.

मॅडम उभ्या राहिल्या. या शेडमध्ये त्यांना कुणापुढे उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पत्र रद्द केलंय, चूक माझी आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. आधी काढलेल्यांचे पत्ते शोधायला मला फर्मावलं. मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण तू त्या दिवशी बोलली का नाहीस गं? गठ्ठा तिने उचलला, एवढंच तर सांगायचं होतं."

अकुआने फडक्याची गाठ सोडली नाही. "सांगितलं असतं, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "तर तुम्ही तेही भांडण म्हणूनच लिहिलं असतंत."