दाढीवरचे निर्बंध

गेवराईतले आमचे सलूनवाले मामा टीव्हीवर रशियावरच्या निर्बंधांची बातमी लागली, की माझ्या गळ्यापाशी वस्तरा थांबवून ऐकत राहतात. एकदा पाणचट चहावरून समोरच्या हॉटेलवाल्याशी त्यांचं वाजलं.

"आजपासून त्याच्यावर निर्बंध! त्याची दाढी न्हाई, अन् त्याचा चहा पिणाराचीबी न्हाई!"

वस्तरा गळ्यावरच होता. मी चहा सोडला.

हॉटेलवाला हट्टानं दाढी वाढवत बसला. ती छातीपर्यंत आली, तसे लोक महाराज समजून त्याच्या पाया पडू लागले. चहाही लई खपू लागला.

शेवटी मामाच वस्तरा घेऊन गेले. "बस, फुकट करतो."

"हात लावू नगं," तो दाढी कुरवाळत म्हणाला. "धंदा हाय ह्यो माझा."

मामा परत आले आणि मला गंभीरपणे म्हणाले, "निर्बंध जरा जास्तच कडक झाले, सर."