महेशची खुर्ची

परवा भाच्याचा कॉम्प्युटर उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी थेट अंबाजोगाईच्या त्या सायबर कॅफेत पोचलो. बंदुकीच्या खेळात आमचा एकच कायदा होता: मेला त्यानं खुर्ची सोडायची. महेश मरतच नसे! मागं उभे राहून आम्ही नुसते जळायचो. नवी पोरं बसता बसताच मरायची. हळूहळू ती यायचीच थांबली, मग जुनीही पांगली.

शेवटी आम्ही दोघंच उरलो आणि मी महेशला टिपलं.

“ऊठ बे!” मी गरजलो.

“बस की राजा. लई दिवस डोळा हाय तुजा,” म्हणत तो घरी गेला.

मी ऐटीत बसलो, मागं वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. महेशचा हेवा मला अजून वाटतो. त्याच्यावर जळायला आम्ही होतो.