उत्तममामांचा फेटा

लग्नाच्या मांडवात कुणी फेटा बांधायला आलं की उत्तममामा दोन पावलं मागं सरत. मान नाकारला तर यजमान रुसतात, म्हणून कापड हातात घेत, कपाळाला लावत आणि घडी घालून कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकत. "फेटा बांधला की मी पाव्हणा झालो," ते म्हणत. "पाव्हण्याला फोटो काढता येत न्हाई, बे. त्याला सोताच फोटोत यायचं असतंय."

मामा चौसाळ्याचे. दुकान त्यांनी कधी टाकलं नाही. बोलावणं येईल तिकडे मोटारसायकल काढायची, हाच धंदा. तरुणपणी पावसाळाभर कपिलधारच्या धबधब्यापाशी उभे राहून यात्रेकरूंचे फोटो काढत आणि पोस्टानं घरी पाठवत. मोबाइल आले आणि ते काम बुडालं. मग राहिली लग्नं आणि बारशी. मी शिरूर कासारचा, त्यांचा सख्खा भाचा वगैरे नव्हे. कॉलेज सोडलं आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे जाऊन बसलो.

शिकवायचे ते शिव्या देत. हार घालतानाचा फोटो एकदा माझ्याकडून हुकला, तर भर मांडवात ओरडले, "आता कावून बघतो तोंडाकडं? तुझ्यासाठी नवरी परत हार घालनार हाय का?" पण याच माणसाची एक रीत होती. प्रत्येक लग्नात सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून, कुणी न सांगता, एक नीट फोटो काढायचे आणि अल्बमसोबत मोठा करून द्यायचे. "घरच्यांना पुढं लागतो. तवा शोधत बसत्यात," म्हणायचे. मला त्यांच्याविषयी तेव्हा जे वाटायचं त्याला प्रेमच म्हणायला हवं.

आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी नाही, कारण सगळे मीच काढलेले. मनीषाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात तरी फोटोत ये." मामा आमच्याकडेच जेवत होते. त्यांनी भाकरी ताटात ठेवली. "पोरी, त्या दिवशी कॅमेरा माझ्या गळ्यात. तुझ्या दादाच्या हातात फकस्त नवरदेवाचा कान!" कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा, आणि तिला भाऊ मी एकटाच. आम्ही सगळे पोट धरून हसलो.

लग्नाच्या दिवशी मामा आले नाहीत. हळद उरकली, नवरदेव मारुतीच्या पाया पडून आला, तरी नाहीत. फोन वाजत राहिला आणि नंतर बंदच झाला. मोठी तिथी होती, जिल्ह्यात एकही फोटोवाला मोकळा नव्हता. मी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि कॅमेरा गळ्यात अडकवला. आई धावत आली. "आरं, तू कावून काढतूस? मामा कुठं हायती?" मी लेन्सचं झाकण काढून खिशात टाकलं.

भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली तेव्हा मी समोरच होतो, कॅमेऱ्यामागे. कॅमेरा ठेवला तर फोटो नाही, आणि धरला तर कान नाही. चुलतभावाला म्हणालो, "जा, तूच पीळ." मनीषा पाठवणीला रडली नाही इतकी त्या वेळी रडली. तो फोटो अगदी स्वच्छ आलाय.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, खणखणीत. "अरे, आपल्या आमदार सायबांच्या पोराचं लगीन, ऐनवेळी बोलावणं आलं. न्हाई म्हनलो असतो तर पुना कुनी दारात उभं केलं नसतं. आन तुला काम येतंय की! म्हनून मी निवांत होतो." त्यांना निवांत राहता यावं म्हणून मी काम शिकलो, हे मला त्या दिवशी कळलं.

वर साहेबांकडच्या त्या लग्नाचे फोटो अल्बमसाठी निवडायला माझ्याकडेच धाडले. बघता बघता एका फोटोवर हात थांबला, मामांच्या कॅमेऱ्यानं दुसऱ्याच कुणीतरी काढलेल्या. साहेब हसतायत, त्यांचा हात उत्तममामांच्या खांद्यावर, आणि मामांच्या डोक्यावर गुलाबी फेटा. फोटोवरची वेळ पाहिली. तेव्हा आमच्याकडे कानपिळी चालली होती. मी फोन केला. "मामा, फेटा बांधलात?" ते जरा लाजून हसले. "सायबांनी सोताच्या हातानं बांधला रं. न्हाई कसं म्हनू?"

नंतर मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. चौसाळ्याच्या रस्त्यावर भेट झाली की ते हॉर्न वाजवत, मी मान हलवत असे. धंदा दोघांचाही चालला. पण माझ्या मनातून ते गेलं नाही. दगा म्हणजे दगाच, मग तो कितीही गोड माणसानं दिलेला असो.

गेल्या वर्षी मामा अचानक वारले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा म्हणून त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. घरात त्यांचा एकच फोटो होता, चौकटीतला, गुलाबी फेट्यातला. मी साहेबांना कापून बाजूला केलं. मामांच्या खांद्यावर चार बोटं तेवढी उरली.

"दादा, ही बोटं काढता येत न्हाईत का?" पोरानं विचारलं.

दोन मिनिटांचं काम होतं. तेही मला मामांनीच शिकवलेलं.

"न्हाई येत," मी म्हणालो.