घारीची बिनमातीची झाडं

साइटवर तिला सगळे घार म्हणायचे. टॉवर क्रेनच्या टोकाला काचेच्या खोपटात बसून ती दिवसभर सळया आणि काँक्रीटच्या बादल्या उचलायची. सुरुवातीला खालच्या गड्यांना खात्री होती की बाईला चक्कर येणार. चक्कर काही आली नाही. पुढे पुढे हुक घारीच्या हातात असला की तेच गडी त्याच्याखाली निर्धास्त वावरू लागले.

प्लॉटच्या कडेला एक वठलेलं झाड होतं. तिथल्या जुन्या बंगल्यातल्या कुणीतरी त्याच्या फांद्यांवर हौसेनं ब्रोमेलियाड बांधली होती. अननसाच्या गोतातली झाडं ती. पानं कडक, कडेला काटे, मधोमध खोलगट द्रोण. बंगला पाडला, झाड वठलं, पण ही मंडळी आपली वाढतच राहिली. खालून बघणाऱ्याला बांडगुळं वाटायची. घार वरून बघायची. द्रोणाद्रोणात पाणी साचलेलं, त्यात आभाळ उतरलेलं, आणि मधूनच एखादा लालभडक तुरा. डबा खाताना तिची नजर तिथेच असायची.

एका सकाळी करवत लागली आणि झाड आडवं झालं. वॉकीटॉकीवर मुकादम म्हणाला, "उचल आणि ट्रकमध्ये टाक."

"आधी त्यावरची झाडं काढून घ्या. साखळी आवळली की चेंदामेंदा होईल त्यांचा."

"कचरा आहे तो! तुला क्रेन चालवायला ठेवलंय की बागकामाला?"

"मग नाही उचलत."

खाली सगळे माना वर करून बघायला लागले. मुकादम ओरडून ओरडून लाल झाला. घारीनं हुक वर ओढून घेतला, क्रेन बंद केली आणि शिडीनं खाली उतरली. सळईच्या तारा कापायची पकड आणि चाकू घेऊन खोडावर बसली आणि एकेक झाड सालीसकट सोडवू लागली. काम ठप्प. शेवटी इंजिनियरसाहेब धावत आले.

"उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्यापासून कशाला? आत्ताच निघाले."

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत झाडं भरून ती बसनं घरी आली. दार उघडताच सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "नोकरी घालवली आणि काटेरी कोबी घेऊन आली!"

नवरा बेकरीत भट्टीवर होता. येताना त्यानं कुंड्या आणून दिल्या. घारीनं चांगली माती भरली, झाडं खोल रोवली, रोज पाणी घातलं. आणि एकेक झाड बुडातून कुजायला लागलं. मधलं पान धरलं की हातात यायचं, वास असा की नको. त्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. नोकरीसाठी नव्हती रडली.

मग एक सडकं झाड घेऊन ती नर्सरीवाल्या म्हाताऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "अगं, पुरलंस कशाला? याचं मूळ नुसतं धरून बसण्यापुरतं. पाणी पितं ते द्रोणातून."

उरलेली सात-आठ झाडं तिनं मातीतून उपटली. बाल्कनीच्या कठड्याला एक जाड फांदी आवळली आणि जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी झाडं तिच्यावर बांधली. पाणी द्रोणात घालायचं, डास होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन दिवसांनी जोराच्या धारेनं जुनं पाणी उडवून लावायचं. झाडांनी जीव धरला. तिलाही बंदरावर काम मिळालं, पहिल्यापेक्षा उंच क्रेनवर.

दोनेक वर्षांनी एकाला तुरा आला. अख्खी बाल्कनी त्याच्या रंगानं पेटल्यासारखी झाली. मग तो उतरला आणि झाड कडेकडेनं वाळू लागलं. सासूबाई कात्री घेऊन उभ्या.

"हात लावायचा नाही," घार म्हणाली.

"अगं, मेलंय ते!"

"मेलेलं नाही. बुडाशी बघा."

सासूबाईंनी चष्मा लावला. दोन हिरवी पिल्लं आईला बिलगून बसली होती.

"अजून पोसतेय ती त्यांना. तिच्या निम्म्याएवढी झाली की मीच वेगळी करीन. तोवर ही अशीच दिसणार. दिसू दे."

सासूबाईंनी कात्री आत नेऊन ठेवली.

पुढच्याच आठवड्यात इमारतीचे सेक्रेटरी आले. घार कामावर होती. तुमच्या त्या वाळक्या झुडपांमुळे इमारतीची शोभा जाते, डास होतात, दोन दिवसांत काढून टाका, म्हणाले. सासूबाई दारातच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"डास दाखवा, मग बोला. आणि झाड लेकुरवाळं आहे, ते हलणार नाही. आमची सून क्रेन चालवते, माहीत आहे ना? उचलून गच्चीच्या टाकीवर बसवील तुम्हाला."

सेक्रेटरी डास शोधायला थांबले नाहीत.

पिल्लं वेगळी करायची वेळ आली, तेव्हा त्यातलं एक सासूबाईंनी न्हाणीघराच्या खिडकीसाठी मागून घेतलं. "याला पाणी मी घालणार," त्यांनी सुनेला बजावलं, "तू फार घालतेस."