मध्यरेषेवरचा हात

मार्गशीर्षातल्या एका रविवारी दादा कबड्डी खेळताना पडला. तो उठला नाही.

तालुक्याच्या बाजारपेठेत कबड्डीचं मैदान होतं. नव्वद सालानंतर त्याच्या चारी बाजूंनी कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली गाळे, पहिल्या मजल्यावर बँक आणि दवाखाना, त्यावर बिऱ्हाडं. मैदान मात्र मधे तसंच ठेवलं, कारण बांधणारा स्वतः कधीकाळी खेळलेला होता. वडील गेल्यावर आई, दादा आणि मी शिनोलीहून तिथं दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सामना असला की गाळेवाले शटर अर्धी ओढून पायऱ्यांवर बसत. मी पुस्तक मांडीवर घेऊन गॅलरीत. आई गॅलरीत यायची नाही. ती स्वयंपाकघरातून सामना ऐकायची. चार भिंतींमुळे 'कबड्डी कबड्डी' जसंच्या तसं वर यायचं, आणि दादाचा आवाज तिला गर्दीतूनही वेगळा कळायचा. तो आपल्या बाजूला परतेपर्यंत तिचं लाटणं थांबलेलं असायचं.

त्या वर्षी दादा टायफॉइडमधून नुकताच उठला होता. डॉक्टरांनी महिनाभर खेळायला मनाई केली होती. पण पुण्याच्या एका कंपनीची माणसं आपल्या संघासाठी गडी बघायला येणार होती. संघात घेतलं की नोकरी पक्की.

"एक सामना सोडला तर काय व्हईल?" आई म्हणाली.

"ती माणसं परत येत्यात व्हय?" दादा गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. "थोडा खेळतो, आये. त्यांनी बघितलं की बसतो."

तो बसला नाही. शेवटी शेवटी गुण बरोबरीत आले आणि चढाई त्याच्याकडे आली. एकाला शिवून तो वळला, तेवढ्यात दुसऱ्यानं घोटा धरला आणि बाकीचे अंगावर कोसळले. त्या ढिगाखालून त्याचा आवाज येत होता. मग त्याचा हात बाहेर आला, पुढं सरकला, मध्यरेषेला लागला. शिट्टी झाली. सगळ्या गॅलऱ्या ओरडल्या.

आई माझ्या मागं येऊन उभी होती, हाताला पीठ तसंच.

"शिट्टीच्या आधीच आवाज थांबला गं त्याचा," ती म्हणाली.

खाली समोरच्या संघाचे, जुन्नरकडचे गडी पंचाला घेरून उभे होते.

"दम आधीच तुटला, बाद द्या!"

"हात लागलाय की राव, डोळं घरी ठिवून आलाय का?"

"आन् हे पावणं झोपलं का काय? ऊठ भाऊ, नाटकं लई झाली!"

लोक हसले. रेषा गाठल्यावर गडी घटकाभर तसाच पडून श्वास घेतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. दादा पालथा होता आणि वाद त्याच्या डोक्यावर चालला होता.

आई अनवाणी जिन्याकडे धावली, तिच्यामागं मी. पहिल्या मजल्यापर्यंत भांडण ऐकू येत होतं. मैदानात पोचलो तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर दादाजवळ गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी वर बघितलं ते आईकडे नाही, माझ्याकडे.

आजारानं हृदय कमजोर झालं होतं, असं ते नंतर म्हणाले. आवाज थांबल्याबरोबर उचललं असतं तर, हे आई त्यांना किती वेळा विचारून आली. उपयोग झाला नसता, असं ते दर वेळी सांगत. ती ऐकून घेई आणि काही दिवसांनी पुन्हा जाई.

पंचांनी गुण दादाच्या संघाला दिला. मैदानावर अजून सामने होतात. घरात आई आणि मी आहोत.